हात जुना, फाइल नवी : मराठी डीटीपीचे काम युनिकोडवर आणण्याची रीत

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून नारायण आणि सदाशिव पेठेपर्यंतच्या प्रकाशनगृहांत, छापखान्यांत आणि अक्षरजुळणीच्या लहान कार्यालयांत आजही एखादा असा संगणक असतो, ज्याला ठरावीक माणसाखेरीज कोणी हात लावलेला चालत नाही. त्यावर विंडोज एक्सपी असते, पाने मांडण्यासाठी पेजमेकर असते, मराठी टंकनासाठी श्रीलिपी किंवा आयएसएम यांपैकी एखाद्या पॅकेजची जुनी आवृत्ती असते आणि मागच्या बाजूला परवान्याचे डोंगल, म्हणजे जिच्याशिवाय पॅकेज चालत नाही अशी छोटी किल्ली, खोचलेले असते. त्यावर बसणाऱ्या ऑपरेटरची बोटे पडद्याकडे न पाहता चालतात आणि त्यातून निघालेल्या पानाला मालक, लेखक व मुद्रितशोधक या तिघांचीही पसंती असते. अशा कार्यालयात नव्याने दाखल झालेल्या मुलाला किंवा मुलीला, संगणक येतो एवढ्याच कारणावरून, ‘हे सगळे आता युनिकोडवर घ्या’, म्हणजे मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत आणा, असे सांगितले जाते. हा लेख त्या नवख्या व्यक्तीसाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी. जुन्या प्रणालीचे बळ ऑपरेटरच्या हातात आणि छापलेल्या पानाच्या देखणेपणात आहे. तिचा दुबळेपणा फाइलीच्या आत आहे. म्हणून बदलायची ती फाइल. हात आणि पान यांना शक्य तितका धक्का लागू द्यायचा नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका निर्णयातून निघतात. ज्या कार्यालयांत नवा प्रोग्राम, नवा कळफलक आणि नवे फॉन्ट एकाच सोमवारी आणले जातात, तिथे ऑपरेटर महिनाभरात जुन्या संगणकाकडे परततो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

जुनी फाइल आतून कशी असते

भारतीय लिपींसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान कानपूरच्या आयआयटीत आकाराला आले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत पुढे वाढले. आयएसएम हे सीडॅकचे पॅकेज, आणि श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये निघाले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. परंतु त्या काळचे विंडोज आणि पेजमेकर यांपैकी कोणीच जोडाक्षरे स्वतः जुळवू शकत नव्हते. त्यामुळे पॅकेज तयार करणाऱ्यांनी एक व्यवहार्य तोड काढली. त्या काळच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे असत, त्यांतली वापरण्याजोगी सुमारे दोनशे. त्या घरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले गेले, म्हणजे अर्धी अक्षरे, काने, वेलांट्या, रफार आणि काही तयार जोडाक्षरे. पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी फाइलीत एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असते.

याचे फायदे खरे होते आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक तुकडा ऑपरेटर स्वतः बसवत असल्यामुळे जोडाक्षर कसे दिसावे हे तोच ठरवत असे, आणि त्या काळच्या संथ संगणकावरही पान झटपट हलत असे. अडचण फाइल कार्यालयाबाहेर पडली की सुरू होते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, ई-पुस्तक होत नाही, आणि एका पॅकेजची फाइल दुसऱ्यात वाचता येत नाही, कारण कोणता तुकडा कोणत्या घरात बसवायचा हे प्रत्येकाने आपापले ठरवले होते. युनिकोडमध्ये याउलट प्रत्येक वर्णाला एकच ठरलेला क्रमांक असतो आणि त्याचे दृश्यरूप जुळवण्याचे काम फॉन्ट व प्रोग्राम करतात.

आधी जतन

रूपांतराला हात लावण्यापूर्वी जुन्या संगणकावरच प्रत्येक महत्त्वाच्या कामाची पीडीएफ काढावी आणि ती काढताना फॉन्ट आत समाविष्ट होत असल्याची खात्री करावी. ही पायरी कंटाळवाणी असल्यामुळे वगळली जाते. परंतु रूपांतरानंतर मूळ मजकूर काय होता हे सांगणारा तोच एकमेव विश्वासार्ह पुरावा असतो. छापलेले पुस्तक हाताशी असले तरी शेवटच्या प्रुफानंतर फाइलीत काय बदलले गेले हे अनेकदा कोणालाच आठवत नाही.

त्यानंतर मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. सीडी आणि फ्लॉपी यांवरचा मजकूर आजच उतरवून घ्यावा, कारण त्या वाचणारी यंत्रे आणि खुद्द त्या तबकड्या, दोन्ही टिकाऊ नाहीत. सोबत पॅकेजची मूळ सीडी, परवान्याची कागदपत्रे, डोंगल आणि वापरात असलेल्या प्रत्येक फॉन्टची फाइल जमा करावी. फॉन्टचे नाव नेमके लिहून घ्यावे. सीडॅकच्या फॉन्टांत ‘डीव्ही-टीटी सुरेख’ आणि ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’ ही नावे कानाला सारखी वाटतात, पण पहिला केवळ देवनागरी आहे आणि दुसऱ्यात इंग्रजीही आहे. दोघांतली घरे वेगळी असल्यामुळे एकाचा नकाशा, म्हणजे कोणत्या घरात कोणता तुकडा याची यादी, दुसऱ्याला लावला तर मजकुराचा चुराडा होतो.

जुना संगणक बंद पडण्याची भीती असेल तर त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा घेऊन ती व्हर्च्युअलबॉक्ससारख्या, संगणकाच्या आत आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवून पाहावी. डोंगल यूएसबीचे असेल तर ते बहुधा आतल्या विंडोजला जोडता येते. प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर बसणारे असेल तर मूळ यंत्र जपणेच शहाणपणाचे. विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष असो वा आभासी, हा संगणक इंटरनेटला जोडू नये. डॉसच्या काळातले सोळा बिटांचे प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटांतच मिळते, हेही नियोजन करताना ध्यानात असावे.

काय बदलायचे नाही

आता सर्व कामांची यादी करावी, आणि तिच्यातून बरीच कामे बाजूला काढावीत. ज्या पुस्तकाची केवळ पुनर्मुद्रणे होतात आणि ज्यात एका काना-मात्रेचाही बदल होणार नाही, त्याची पीडीएफ छापायला पुरेशी आहे. लग्नपत्रिका, मुखपृष्ठे, सन्मानपत्रे आणि दुकानांच्या पाट्या यांसाठी जुन्या पॅकेजमधले वळणदार फॉन्ट लोकांना आवडतात, आणि त्यांतल्या अनेकांना युनिकोडमध्ये जोडीदार नाही. अशा ठिकाणी जुन्या फॉन्टातच शीर्षक तयार करून त्याचे कर्व्ह करावेत, म्हणजे अक्षरांचे रेषाचित्र करावे, आणि ते चित्र म्हणून नव्या मांडणीत बसवावे. चार शब्दांच्या शीर्षकासाठी युनिकोडचा आग्रह धरण्यात काही मिळत नाही.

युनिकोडवर आणायचे ते चालू मजकूर, सुधारून निघणाऱ्या आवृत्त्या, कोश, सूची, पाठ्यपुस्तके आणि ज्यांचे ई-पुस्तक निघणार आहे अशी पुस्तके. नव्याने सुरू होणारे प्रत्येक काम मात्र पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करावे, नाहीतर रूपांतराची रांग कधी संपत नाही.

वेळेचाही विचार हवा. दिवाळी अंकांची जुळणी आषाढ-श्रावणापासून जोर धरते आणि शाळा उघडण्याच्या आधी पाठ्यपुस्तकांशी संबंधित कामांची गर्दी असते. या दोन्ही काळांत कोणत्याही ऑपरेटरच्या टेबलावर काही नवे ठेवू नये. दिवाळी उरकल्यानंतरचे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे.

कळफलक : इथे घाई करू नये

मराठी टंकलेखन शिकलेल्या बहुतेकांचा हात रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकावर बसलेला असतो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे कार्यालय पुण्यातच आहे, आणि तिच्या टंकलेखन परीक्षांत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग कमावून आलेल्या माणसाला ‘आता दुसरा कळफलक शिका’ असे सांगणे म्हणजे त्याची कमाई काढून घेणे. ते करण्याची गरजही नाही. आयएसएम आणि श्रीलिपी यांच्या नव्या आवृत्त्यांत जुन्याच कळफलकाने युनिकोड टंकन करण्याची सोय आहे. पॅकेज परिचयाचे, कळा परिचयाच्या आणि फाइल नव्या पद्धतीची, असा हा सर्वांत कमी त्रासाचा मार्ग असल्यामुळे खर्च परवडत असेल तर प्रथम तोच तपासावा.

विनामूल्य मार्ग हवा असेल तर कीमॅन हा मुक्त प्रोग्राम पाहावा. त्यासाठी तयार असलेले कळफलक वापरता येतात आणि आपल्या ऑपरेटरच्या सवयीप्रमाणे नवाही घडवता येतो. मायक्रोसॉफ्टचे कळफलक बनवण्याचे साधन दिसायला सोपे आहे, पण रेमिंग्टनसाठी ते अपुरे पडते, आणि त्याचे कारण नवख्याने नीट समजून घ्यायला हवे. टंकलेखन यंत्रावर कळा दिसण्याच्या क्रमाने दाबल्या जातात : ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराच्या क्रमाने होते : ‘क’ आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे याच्या नेमके उलट आहे. यंत्रावर ‘र्व’ लिहिताना ‘व’ आधी आणि रफार नंतर, पण युनिकोडमध्ये ‘र’ आणि पायमोड (अक्षर अर्धे करणारे चिन्ह) आधी, मग ‘व’. म्हणजे कळफलकाच्या प्रोग्रामला दाबलेल्या कळा क्षणभर धरून ठेवून त्यांचा क्रम फिरवावा लागतो. कीमॅनला ते जमते; एका कळेला एक वर्ण एवढेच जाणणाऱ्या साधनाला ते जमत नाही.

नव्याने टंकन शिकणाऱ्याने मात्र थेट इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींत आधीपासून असतो, स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला अशी त्याची तर्कशुद्ध मांडणी आहे, आणि उद्या हिंदी किंवा गुजराती मजकूर आला तरी त्याच कळा चालतात. एकाच कार्यालयात एक जण रेमिंग्टनवर आणि दुसरा इनस्क्रिप्टवर काम करत असेल तर काही बिघडत नाही, कारण फाइल दोघांचीही सारखीच निघते.

पहिल्या आठवड्यात ऑपरेटर दोन तक्रारी हमखास करतो. पहिली, ‘कर्सर अक्षराच्या मध्ये जात नाही’. ती बरोबर आहे; युनिकोडमध्ये ‘क्षि’ हे एकच अक्षर धरून बाण त्याच्यावरून उडी मारतो. दुसरी, ‘एक कळ दाबली आणि पूर्ण अक्षर गेले’. यावर सांगावे की बॅकस्पेस दाबल्यास मागून एकेक वर्ण जातो, म्हणजे ‘क्षि’मधली आधी वेलांटी, मग ‘ष’, मग पायमोड. डिलीट दाबल्यास मात्र पुढचे सबंध अक्षर जाते. एवढे कळले की हात सावरतो.

रूपांतर

हे काम कायम फॉन्टनिहाय करावे. जुन्या फाइलीत मराठी वाक्याच्या मध्ये एखादे इंग्रजी नाव किंवा ईमेल पत्ता असतो, आणि संगणकाच्या दृष्टीने दोन्ही इंग्रजी अक्षरेच असतात. त्यांच्यातला फरक केवळ फॉन्टच्या नावावरून कळतो. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत काढला की ती खूण पुसली जाते, आणि रूपांतरक इंग्रजी नावाचेही मराठी तुकडे करून ठेवतो. म्हणून पेजमेकरमधून मजकूर आरटीएफ या फॉन्टची नावे जपणाऱ्या स्वरूपात एक्स्पोर्ट करावा, तो वर्डमध्ये उघडावा, शोध-चौकटीत फॉन्टचे नाव देऊन जुन्या मराठी फॉन्टातला सर्व मजकूर एका स्टाइलमध्ये आणि इंग्रजी दुसऱ्या स्टाइलमध्ये टाकावा, आणि मगच पुढे जावे. आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे : जुन्या मराठी फॉन्टात इंग्रजी अंकांच्याच घरांत मराठी अंक बसवलेले असू शकतात, त्यामुळे पृष्ठक्रमांक एका लिपीत आणि दूरध्वनी क्रमांक दुसऱ्या लिपीत असा गोंधळ होतो.

पेजमेकरची एक खोड माहीत असावी. एकमेकांना जोडलेले मजकुराचे ठोकळे एक सलग स्टोरी म्हणून बाहेर येतात, पण सुटे ठोकळे प्रत्येकी वेगळे काढावे लागतात. जुन्या पुस्तकांत तळटिपा बहुधा हाताने, सुट्या ठोकळ्यांत बसवलेल्या असतात आणि त्या सहज राहून जातात. पीडीएफ समोर ठेवून प्रत्येक पानाच्या तळाशी पाहणे हाच उपाय.

मजकूर वर्डमध्ये उघडण्यापूर्वी ऑटोकरेक्ट पूर्ण बंद करावे. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप मोठे करणे किंवा सरळ अवतरणचिन्ह वळणदार करणे, या सोयी इंग्रजीसाठी आहेत. इथे लहान अक्षराचे मोठे झाले की फाइलीत एका मराठी तुकड्याच्या जागी भलताच तुकडा येतो, आणि तो चुकलेला आहे हे रूपांतरानंतर ओळखणे कठीण जाते.

रूपांतरक निवडताना शक्यतो त्या-त्या पॅकेजच्या निर्मात्याचाच वापरावा, कारण फॉन्टचा नकाशा त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. तो उपलब्ध नसेल तर एसआयएल या संस्थेची टेककिट आणि एसआयएल कन्व्हर्टर्स ही मोफत साधने आहेत. त्यांत नकाशा स्वतः लिहावा लागतो, पण एकदा लिहिला की शेकडो फाइलींना लावता येतो. इंटरनेटवर मजकूर चिकटवून रूपांतर करणारी पाने पुष्कळ आहेत. एखाद्या परिच्छेदापुरती ती ठीक. अप्रकाशित हस्तलिखित मात्र लेखकाच्या परवानगीशिवाय तिथे चिकटवू नये.

रूपांतरक नेमके काय करतो हे ‘निश्चित’ या एका शब्दावर पाहू. जुन्या फाइलीत क्रम असा असतो : वेलांटी, न, वेलांटी, अर्धा श, च, त. युनिकोडमध्ये हवा तो असा : न, वेलांटी, श, पायमोड, च, वेलांटी, त. पहिल्या वेलांटीने एका अक्षरावरून उडी मारायची आहे, पण दुसरीला ‘श्’ आणि ‘च’ या दोघांवरून जायचे आहे. कच्चा रूपांतरक तिला ‘श’ला चिकटवतो आणि शब्द फुटतो. ‘सर्वांना’ या शब्दात याहून बारीक अडचण आहे. जुन्या फॉन्टात रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असतो आणि तो कान्यानंतर येतो. युनिकोडमध्ये त्याची फाळणी करून ‘र्’ हा ‘व’च्या आधी आणि अनुस्वार कान्याच्या नंतर ठेवावा लागतो. शिवाय काही फॉन्टांत ख, ग, ण, श ही अक्षरे अर्धे रूप आणि काना जोडून केलेली असतात, त्यामुळे ‘गाणे’मधला ‘गा’ लिहिताना ‘ग’साठी एक आणि ‘आ’कारासाठी एक असे दोन काने येतात. त्यांतला कोणता दांडा अक्षराचा आणि कोणता काना खरा, हे नकाशात सांगितलेले नसेल तर पायमोडानंतर काना लोंबकळताना दिसतो.

कसोटीचा उतारा

पूर्ण पुस्तक रूपांतरकात टाकण्यापूर्वी जुन्या पॅकेजमध्ये एक छोटा उतारा टंकून घ्यावा आणि त्याच्यावर रूपांतरकाची परीक्षा घ्यावी. त्यात निदान इतके शब्द असावेत : निश्चित, सर्वांना, मार्मिक, कर्त्यांनी, हृदय, ऱ्हास, दुसऱ्या, शृंगार, श्री, ज्ञान, क्षितिज, महाराष्ट्र, वाङ्मय, उद्घाटन, ब्राह्मण, चिन्ह, कॢप्ती, ऑगस्ट, ॲसिड, कॅमेरा, ऐवज, १२३४५६७८९०. एवढे पार पडले तर साधा गद्य मजकूर बहुधा सुखरूप निघतो.

मराठीपुरते सांगायचे तर सर्वांत धोक्याची जागा ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले अनेक रूपांतरक हा भेद ओळखत नाहीत. युनिकोडमध्ये हा र दोन प्रकारे लिहिलेला आढळतो : खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि पायमोड, किंवा साधा ‘र’, पायमोड आणि झेडडब्ल्यूजे नावाचे न दिसणारे चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसले तरी शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. पहिला प्रकार कार्यालयाचा नियम म्हणून ठरवावा आणि दुसरा आढळेल तिथे शोध-बदलाने काढून टाकावा. इनस्क्रिप्टवर तो शिफ्टसह जे, मग डी, अशा कळांनी मिळतो.

हीच गत ‘ॲ’ची. हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधीचे रूपांतरक ‘अ’वर अर्धचंद्र ठेवून काम भागवत. मजकुरात दोन्ही मिसळले की सूचीत ‘ॲसिड’ दोन ठिकाणी लागते. तसेच ‘आ’, ‘ओ’, ‘औ’ आणि ‘ऑ’ ही अक्षरे ‘अ’ला काना-मात्रा लावून आणि ‘ऐ’ हे ‘ए’वर मात्रा ठेवून बनलेले नाही ना, हे शोध-चौकटीतून तपासावे. डोळ्यांनी हे दोष दिसत नाहीत.

जुन्या ऑपरेटरने ओळ नीट बसावी म्हणून शब्दाच्या मध्ये हाताने टाकलेली संयोगचिन्हे आणि ओळ तोडण्याच्या खुणाही रूपांतरात तशाच येतात. नव्या मांडणीत ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि मग ‘महा-राष्ट्र’ असा शब्द ओळीच्या मध्येच उभा राहतो. सरसकट सर्व संयोगचिन्हे काढू नयेत, कारण ‘आई-वडील’मधले हवेच असते, एकेक पाहूनच काढावे.

यानंतर मुद्रितशोधकाची पाळी. त्यांना नव्या मजकुराचे कागदी प्रूफ आणि शेजारी जुन्या पीडीएफची छापील प्रत द्यावी, आणि काम स्पष्ट सांगावे : जुन्याशी जुळते का, एवढेच पाहायचे आहे. शुद्धलेखन सुधारण्याचे काम या फेरीत मुळीच करू नये. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात; ते रूपांतराचे दोष नव्हेत, मूळ लेखन आहे. ते ठेवायचे की काढायचे, हा संपादकाचा निर्णय आहे आणि तो वेगळ्या फेरीत घ्यावा. दोन्ही कामे एकत्र केली की कोणता फरक यंत्राने केला आणि कोणता माणसाने, हे नंतर उलगडत नाही.

फॉन्ट आणि पान

पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये निघाली आणि तिला युनिकोड कळत नाही. रूपांतरित मजकूर तिच्यात चिकटवला तर प्रश्नचिन्हे दिसतात. त्यामुळे मांडणीचा प्रोग्राम बदलावा लागतोच. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा आणि भाषा मराठी ठेवावी. हे केले नाही तर जोडाक्षरे सुटी पडतात, आणि नवख्याला वाटते की फॉन्टच बिघडला. जुन्या टाइप १ प्रकारच्या फॉन्टांचा आधार अडोबीने इनडिझाइनमधून जानेवारी २०२३ पासून काढून घेतला आहे, म्हणून ते फॉन्ट असलेली कामे जुन्या यंत्रावरच पीडीएफ करून घ्यावीत. साधे लेखन, पत्रव्यवहार आणि मध्यम गुंतागुंतीची पुस्तके यांना लिबरऑफिस पुरेसे आहे. तिथे भाषेच्या पर्यायांत कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट सुरू करून मराठी निवडावी. देवनागरीचा फॉन्ट आणि त्याचा आकार इंग्रजीपासून वेगळा नोंदवला जातो, हे विसरले की ‘आकार बदलला तरी बदलत नाही’ असा अनुभव येतो.

फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मिळतो का ते आधी पाहावे. अनेक देवनागरी फॉन्टांत हिंदी वळण मूळ असते आणि मराठी रूपे आत दडलेली असतात. प्रोग्रामला भाषा मराठी असल्याचे सांगितल्यावरच ती बाहेर येतात. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध केलेला यशोमुद्रा आणि मराठीसाठी खास वेगळी आवृत्ती असलेला तिरो देवनागरी हे ग्रंथाच्या मजकुरासाठी आधी छापून पाहावेत. मुक्ता सुटसुटीत आहे, माहितीपत्रकांना शोभतो. संस्कृत अवतरणे भरपूर असतील तर मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका उपयोगी पडतो. निवड पडद्यावर करू नये. ज्या कागदावर पुस्तक छापायचे त्याच कागदावर जुने आणि नवे पान शेजारी ठेवून मालकांना दाखवावे. अक्षराचा आकडा तोच ठेवला तरी नव्या फॉन्टात अक्षर लहान-मोठे दिसते आणि पृष्ठसंख्या बदलते, हे किंमत ठरवण्यापूर्वी त्यांच्या कानावर घालावे.

जोडाक्षरावरचा ताबा गेला, ही ऑपरेटरची खंत रास्त आहे, पण ती काही अंशी दूर करता येते. ‘शक्ती’ऐवजी अर्ध्या ‘क’चे ‘शक्‍ती’ हवे असेल तर पायमोडानंतर झेडडब्ल्यूजे टाकावे. पायमोड उघडा दाखवायचा असेल तर झेडडब्ल्यूएनजे हे दुसरे न दिसणारे चिन्ह. ही दोन्ही चिन्हे कळफलकावर सोयीच्या कळांना लावून द्यावीत आणि ती गरजेपुरतीच वापरावीत, कारण मजकूर शोधताना ती आड येतात. एखाद्या पुस्तकभर विशिष्ट जोडणीच हवी असेल तर ती देणारा फॉन्ट शोधणे अधिक बरे.

शब्दसूची आपोआप लावता येणे ही युनिकोडची मोठी देणगी आहे, तरी संगणकाने लावलेला क्रम छापण्यापूर्वी ळ, क्ष, ज्ञ आणि अनुस्वारयुक्त शब्दांपाशी डोळ्यांखालून घालावा. मराठी कोशांचा क्रम आणि प्रोग्रामचा क्रम जुळेलच असे नाही.

जुना संगणक

पहिले पूर्ण पुस्तक नव्या पद्धतीने छापून आले, तरी जुने यंत्र लगेच हलवू नये. निदान एक दिवाळी अंक आणि एक पाठ्यपुस्तकांचा हंगाम नव्या पद्धतीने पार पडू द्यावा. त्या काळात ऑपरेटर कोणत्या कामासाठी जुन्याकडे वळतो, याची नोंद त्याच्याच हस्ताक्षरात एका वहीत ठेवण्यास सांगावे. पुढे काय दुरुस्त करायचे हे त्या वहीतूनच कळेल : कळफलकात राहून गेलेले एखादे चिन्ह, नेहमी लागणारी तक्त्याची चौकट, किंवा नव्या फॉन्टात न मिळणारे एखादे वळण. सलग काही महिने वहीत नवी नोंद झाली नाही की यंत्र बंद करावे, डिस्क काढून तिच्यावर तारीख आणि आतल्या पॅकेजचे नाव लिहावे, आणि डोंगल तिच्याच पाकिटात ठेवावे.